धर्मानंद कोसंबी : श्रद्धावंताची चिकित्सा

परधर्मातील आख्यायिका पारखताना माणूस तर्काची सर्व शस्त्रे परजतो आणि स्वधर्मातील आख्यायिकेपुढे तीच म्यान करतो, असा अनुभव सर्व धर्मांत येतो. आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या नियमाला अपवाद म्हणून अभ्यासण्याजोगे आहे.

गोव्यातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धाविषयीच्या लेखाने या तरुणाचे चित्त वेधले आणि मूळ बुद्धवचन जाणून घेण्याचा ध्यास जडला. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे नेपाळ व बुद्धगया पाहून १९०२ साली सिंहलद्वीप गाठले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी श्रामणेर दीक्षा घेऊन पाली आत्मसात केली. परतल्यावर कलकत्त्यास अध्यापन लाभले. परंतु मराठी मुलखात बौद्ध विद्येचा प्रसार करावा, या तळमळीने त्यांनी ते सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. हार्वर्ड येथे ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाचे संपादनकार्य, फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातील कारावास हे त्यांच्या पुढील आयुष्याचे टप्पे होत.

बुद्धावर त्यांची निष्ठा जिवापाड होती. तथापि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी सर्वांत लाडक्या कथेलाच हात घातला. वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी यांचे दर्शन होताच सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही ती कथा. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारपण व मरण ठाऊकच नसावे, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी मूळ सुत्ते तपासली. चार दर्शनांची कथा तेथे विपस्सी नामक पूर्वबुद्धाची म्हणून येते. अरियपरियेसन सुत्तात तर आईवडील रडत असताना गौतमाने गृहत्याग केल्याचे वर्णन आहे. शुद्धोदनाचे वैभवशाली साम्राज्यही टिकले नाही. तो शाक्यांच्या अनेक राजांपैकी एक ठरला.

मग गृहत्याग का झाला? शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह आणि त्यातून येणारे शस्त्रधारण गौतमाला नकोसे झाले, असा उलगडा त्यांनी मांडला. अत्तदंड सुत्तात परस्परविरोधाने आलेल्या उद्वेगाचे वर्णन आहे, हा त्याचा आधार. मात्र त्या सुत्तात रोहिणीचे नाव नाही. तो कलह अट्ठकथांतून येतो आणि तेथेही तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. म्हणजे परंपरेच्या कथेला लावलेली कसोटी त्यांच्या स्वतःच्या उलगड्यालाही लावावी लागते, आणि तेथे त्याचा काही भाग अनुमानच ठरतो. तरीही पुरावे समोर मांडून लिहिण्याच्या त्यांच्या रीतीमुळेच वाचकाला ही तपासणी करता येते.

बुद्धाच्या अखेरच्या भोजनातील ‘सूकरमद्दव’ म्हणजे डुकराचे मांस, हा अर्थही त्यांनी स्वीकारला. अहिंसेच्या उपदेशकाविषयी असे लिहिणे भाविकांना रुचणारे नव्हते. प्राचीन जैन श्रमणांच्या मांसाहाराविषयी लिहिल्यामुळे जैन समाजाचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. पार्श्वनाथाच्या चातुर्यामांविषयी मात्र त्यांना नितांत आदर होता. गात्रे थकल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. ज्या परंपरेची त्यांनी चिकित्सा केली, त्या परंपरेतील सल्लेखनेशी जुळणारा असा हा शेवट होता.

चिकित्सेने श्रद्धा उणावते, ही भीती त्यांच्या जीवनात खरी ठरली नाही. चमत्कारांची पुटे दूर झाल्यावरही बुद्ध त्यांना तितकाच वंदनीय राहिला. ग्रंथालयाच्या कपाटातील धर्मग्रंथ हाती घेणाऱ्या प्रत्येक वाचकाने, मग तो ग्रंथ आपल्या घरच्या धर्माचा असो वा परक्याचा, तेच माप दोन्हीकडे वापरावे, हाच या चरित्राचा बोध होय.