गॅरेजमधली जुनी जीप आजही का चालते? उत्तर के. सी. महिंद्रांच्या एका निर्णयात आहे

जळगाव जामोदहून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात सातपुडा समोर उभा राहतो. वर भिंगाऱ्यासारखी आदिवासी गावं. चढ, दगड आणि पावसाळ्यात चिखल. अशा भागात जुन्या फोर बाय फोर जीपचे चाहते असणारच. कुणी गंजलेली बॉडी खरवडतो, कुणी गिअरबॉक्स उघडून बसतो.

पण प्रश्न असा की, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या डिझाइनची गाडी अजून दुरुस्त होते कशी?

तर त्यासाठी कैलाशचंद्र महिंद्रा, म्हणजे के. सी. महिंद्रा, यांची गोष्ट माहीत पाहिजे.

१८९४ साली लुधियानात जन्म. शिक्षण लाहोर आणि पुढे केंब्रिज. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतासाठी सामान खरेदी करणाऱ्या मिशनचे प्रमुख म्हणून ते अमेरिकेत गेले. तिथं त्यांची भेट झाली विलीज कंपनीचे इंजिनिअर बार्नी रूस यांच्याशी.

जीपचा पहिला नमुना १९४० मध्ये बँटम या छोट्या कंपनीनं बनवला होता. पण तिला ६० हॉर्सपॉवरचं दमदार इंजिन दिलं ते रूस यांच्या टीमनं. युद्धात अशा सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. रस्ता नसलेल्या ठिकाणी जाणारी ही गाडी खेड्यापाड्यांच्या भारतालाही लागणार, हे के. सीं.नी हेरलं.

२ ऑक्टोबर १९४५ ला के. सी., त्यांचे थोरले भाऊ जे. सी. आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' सुरू केली. धंदा होता स्टीलचा. दोनच वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही.

भागीदार गेला, देश दुभंगला. कंपनी गुंडाळणं सोपं होतं. भावांनी ती चालू ठेवली. १९४८ मध्ये नाव झालं 'महिंद्रा अँड महिंद्रा'. आद्याक्षरं तीच राहिली.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला जीपचे सुटे भाग अमेरिकेतून यायचे आणि मुंबईत माझगावला जोडले जायचे. एवढ्यावरच थांबले असते, तर पुढं एखादा पार्ट तुटला की गाडी भंगारात गेली असती. पण १९५० च्या दशकात जीप इथंच बनवायला सुरुवात झाली. पार्ट इथले झाले, मेकॅनिक इथं तयार झाले.

त्यात जीपची रचनाही साधी. खाली मजबूत चेसिस, वर वेगळी बसवलेली बॉडी, पाटे आणि नटबोल्ट. इलेक्ट्रॉनिक्स नाही. ट्रान्सफर केसचा दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते, लो गिअर टाकला की चढावर गाडी हळूहळू पण जोर लावून निघते. पाना चालवता येणाऱ्या माणसाला हे सगळं उघडून समजून घेता येतं.

१९५१ मध्ये जे. सी. गेले. १९६३ मध्ये के. सीं.चंही निधन झालं आणि धुरा पुतणे केशब महिंद्रांकडे आली. दरम्यान १९५३ साली के. सीं.नी शिक्षणासाठी ट्रस्ट सुरू केला होता. 'नन्ही कली' हा मुलींच्या शिक्षणाचा उपक्रम पुढं त्याच ट्रस्टमधून उभा राहिला.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या गॅरेजबाहेर बॉनेट उघडलेली जुनी जीप दिसली, तर जरा थांबून बघा. ती दुरुस्त होतेय, कारण कुणीतरी ती फक्त विकायची नाही, इथंच बनवायची असं ठरवलं होतं.