खराट्याने प्रश्न सोडवणारा माणूस



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा हुकूम झाला. आमचं शिक्षण बेताचं. अर्धं साचेखात्यात झालं, अर्धं वाचनालयात. तेव्हा वाचकांनी विद्वत्तेची अपेक्षा धरू नये. गाडगेबाबांवर लिहितोय म्हटल्यावर एकदोघांनी तोंडावरच विचारलं, की देवाच्या नावाने कीर्तन करणारा माणूस आपल्या अंकात कशाला? प्रश्न वाजवी आहे. बाबांनी धम्म स्वीकारला नव्हता, हे आम्ही लपवत नाही. पण रोजच्या जगण्यातली अडचण कशी सोडवावी, हे या निरक्षर माणसाकडून शिकण्यासारखं आहे, म्हणून हा खटाटोप.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी, परटाच्या घरात. बाप दारूपायी गेला. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे डेबूने गुरं राखली, नांगर धरला, मामाची शेती अंगावर घेतली. मामा चंद्रभानजींना अक्षरओळख नव्हती. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि हाताखालची चांगली जमीन गेली. त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभे राहणारे व्याजवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे फोड करून सांगायला नको. पुढे बाबा जन्मभर कर्ज काढू नका आणि पोरं शाळेत घाला, या दोन गोष्टी जोडूनच सांगत आले, त्याचं मूळ या अंगठ्यात आहे. ज्याला वाचता येत नाही त्याचं कर्ज फिटत नाही, असा तो साधा हिशोब होता.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू व्हायला हवी होती. डेबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. जातवाले रुसले, बोलले, पण जेवून गेले. भाषण नाही, ठराव नाही, आपल्या घरच्या पंगतीपासून सुरुवात. आमच्याकडे उलटं चालतं. हुंड्याविरुद्ध सभेत बोलायचं आणि घरच्या लग्नात सोसायटीचं कर्ज काढून मांडव घालायचा! यात आम्हीही आलो, नाकारत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचं खापर, हातात काठी नि खराटा. त्या गाडग्यातच भाकरी घ्यायची, त्यातूनच पाणी प्यायचं. म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की कुणाला न विचारता झाडायला लागायचे. आधी पोरं हसत, मग एखादा म्हातारा दुसरा झाडू घेऊन यायचा, संध्याकाळपर्यंत गाव चकाचक. रात्री कीर्तन. तेही वऱ्हाडीत, लोकांना प्रश्न विचारत विचारत, उत्तर समोरच्यांच्याच तोंडून काढायचं. नवसाला बकरं कापून पोर होतं का, हे लोकांनीच सांगायचं. पाया पडायला कुणी वाकला की काठी उगारायचे.

ऋणमोचनची गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. पूर्णा नदीकाठी पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. काठाला चिखल, बायका-म्हातारे घसरून पडायचे. वर्षानुवर्षं सगळे बघत होते, हळहळत होते. डेबूजींनी फावडं घेतलं आणि उतार बांधायला लागले. लोक पुढे आले, नंतर वर्गणीतून पक्का घाट झाला. आधी स्वतःचा हात, मग लोकांचा हात, पैसा त्याच्याही मागून. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

पंढरपुरात आपल्या लोकांना उतरायला छप्पर मिळत नसे. पावसात वाळवंटात पडून राहायचं. बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. कुणी म्हणेल, देवळाच्या हक्काचं काय? तो लढा मोठाच, आणि देऊळ खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं. पण तोपर्यंत लेकराला घेऊन आलेल्या बाईने भिजायचं का, हा प्रश्न बाबांपुढे होता. दोन्ही कामं लागतात, असं आमचं मत. पुढे ही धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. यात्रेकरूंच्या जागी शिकणारी मुलं आली.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांनी धर्मशाळा उभारली. गावाकडून पेशंट आणला की त्याला खाट मिळते, पण सोबतच्या माणसाने चूल कुठे पेटवायची? आमच्या वडिलांच्या आजारपणात आई रुग्णालयाच्या फुटपाथवर अकरा रात्री झोपली, म्हणून या कामाची किंमत आम्हाला कळते.

एवढा पैसा फिरला, पण बाबांच्या हाताला चिकटला नाही. कारभार पंचांकडे, हिशोब चोख, आणि आपल्या बायकामुलांचा किंवा नातेवाइकांचा कशावरही हक्क नाही, हे कागदावर लिहून ठेवलं. मामाचा अंगठा ते विसरले नव्हते. कुंताबाईंनी मात्र यात फार सोसलं. चरित्र लिहिणारे तिच्याबद्दल दोन ओळी लिहून पुढे जातात, ते आम्हाला पटत नाही. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंद गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. निरोप ऐकला आणि कीर्तन चालू ठेवलं. लोक याला वैराग्य म्हणतात. त्या रात्री कुंताबाई काय करत असतील, हे आमच्या मनातून जात नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले, तेव्हा बाबा स्वतः आजारी होते. जेमतेम महिन्याभरापूर्वी, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं होतं. बाबासाहेबांनंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचा प्राण गेला. राज्यभर धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाच्या नावावर स्वतःचं घर नव्हतं.