धुळीतले तारे

थर्ड इयरला हाय व्होल्टेज लॅबमध्ये बेकलाइटच्या तुकड्यावर फ्लॅशओव्हर झाला आणि त्यावर झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी उमटली. तुकडा वाया गेला म्हणून मी तो कचऱ्यात टाकला. सरांनी तो निमूटपणे बाहेर काढला आणि लिश्टेनबर्ग वाचून ये म्हणाले. व्हायव्हाच्या भीतीने वाचायला बसलो आणि मेसची वेळ टळली!

गेऑर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग 1742 साली जर्मनीत डार्मस्टाटजवळ एका पाद्र्याच्या घरी जन्मला. 17 भावंडांत शेंडेफळ. पाठीला कुबड, उंची बेताची, श्वासाचा त्रास कायमचा. तरी ग्योटिंगेन विद्यापीठात तो प्राध्यापक झाला, आणि प्रयोग करून दाखवतो म्हणून त्याच्या तासाला पोरांची गर्दी व्हायची. (आमच्याकडे अटेंडन्ससाठी होते.)

1777 साली त्याने सुमारे 2 मीटर व्यासाचा इलेक्ट्रोफोरस बनवला. त्याची राळेची वडी तासताना उडालेली बारीक पूड खोलीभर तरंगत होती. ती पुन्हा वडीवर बसली तेव्हा जागोजागी छोटे छोटे तारे दिसू लागले. दुसऱ्या कुणी फडकं मारलं असतं. मी तर नक्कीच! ह्या पठ्ठ्याने मुद्दाम आणखी पूड भुरभुरली, आणि चित्र ठसठशीत झालं.

डिस्चार्ज इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून पसरताना मागे चार्ज ठेवून जातो आणि पूड तिथेच चिकटते. धन टोकाकडे आजूबाजूच्या हवेतले इलेक्ट्रॉन ओढले जातात, म्हणून लांब, फाटे फुटलेली नक्षी होते. ऋण टोकापासून ते बाहेर ढकलले जातात, तेव्हा आकृती लहान आणि गोलसर राहते. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून 120 वर्षं होती, पण विजेचे दोन प्रकार या माणसाने धुळीत वेगळे करून दाखवले. त्यांना अधिक-उणे ही चिन्हंही त्यानेच दिली. पुढे तो चिकट कागद दाबून हे ठसे उचलू लागला. चार्जवर पूड चिकटवून ती कागदावर घ्यायची, हीच युक्ती चेस्टर कार्लसनने 1938 मध्ये वापरली. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण ज्या झेरॉक्सवर तरतो, ती हीच.

1799 साली तो ग्योटिंगेनलाच वारला.

बेकलाइटचा तो तुकडा सरांकडून मागून घेतलाय. सध्या हॉस्टेलच्या खिडकीत असतो. रूम पार्टनरने दोनदा फेकायला काढला होता.