कोकणचे गांधी आणि गोपुरीचा गॅस

गोव्याहून मुंबईच्या वाटेवर कणकवली लागते. तिथला गोपुरी आश्रम अप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 साली उभा केला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे त्यांचे पूर्ण नाव; जन्म 1894 चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. 1930 च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहातही ते पुढे होते.

पण त्यांची खरी परीक्षा 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात झाली. संडास सफाईचे काम मला द्या, अशी त्यांची मागणी होती. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. अप्पांनी अन्न कमी केले. येरवड्यात गांधीजींना हे कळताच त्यांनीही उपवास धरला, तेव्हा कुठे सरकार नमले. घाण काढायला मिळावी म्हणून उपाशी राहणारा ब्राह्मण त्या काळी अनेकांना वेडाच वाटला असेल.

गोपुरीत त्यांनी हाच धागा पुढे नेला. मेलेल्या गुरांची कातडी सोडवण्याचे काम सुरू केले, सोपे संडास बांधले. आणि शेणाबरोबर मैलाही गोबरगॅसच्या टाकीत घातला. शेण आणि मैला पाण्यात कालवून बंद टाकीत कुजवला, की हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. काही जिवाणू त्याची आम्ले करतात, दुसरे त्या आम्लांपासून मिथेन करतात. तो चुलीला लावला की निळी ज्योत. गोवरी जाळली तर त्यातला नत्र धुरात जातो. इथे तो उरलेल्या रबडीत राहतो आणि शेताला मिळतो. शिवाय त्या रबडीला दुर्गंधीही फारशी येत नाही.

शेणाच्या गॅसबद्दल कोणाची तक्रार नव्हती. संडासाच्या गॅसवर शिजलेला भात मात्र घशाखाली उतरेना! गॅसची टाकी बांधणे त्या मानाने सोपे. दुसऱ्याची घाण दुसऱ्यानेच डोक्यावरून वाहायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मोडणे कठीण, आणि अप्पांचे भांडण तिच्याशीच होते. मैल्यातून इंधन आणि खत मिळू लागले, तर तो डोक्यावरून वाहायला माणूस लागणार नाही, असा त्यांचा हिशेब.

1971 साली अप्पासाहेब गेले. देहूचे डॉ. मापुसकर यांनी त्यांच्या टाकीचा आराखडा सुधारून ‘मलप्रभा’ संयंत्र तयार केले. देहूत संडासांना जोडलेल्या अशा टाक्यांच्या गॅसवर चुली पेटल्या.