विश्लेषण : विम्बल्डनची १९ विजेतेपदे, पण एकेरीत एकही नाही! कोण होत्या एलिझाबेथ रायन?

विम्बल्डनमध्ये ६ जुलै १९७९ रोजी महिला एकेरीचा अंतिम सामना झाला. मार्टिना नवरातिलोवा यांनी ख्रिस एव्हर्ट यांना नमवून विजेतेपद राखले. त्याच दिवशी ऑल इंग्लंड क्लबच्या आवारात ८७ वर्षांच्या एक महिला अचानक कोसळल्या आणि काही वेळातच त्यांचे निधन झाले. त्या होत्या एलिझाबेथ रायन. विम्बल्डनची तब्बल १९ विजेतेपदे त्यांच्या नावावर होती. दुसऱ्याच दिवशी, ७ जुलैला, बिली जीन किंग यांनी २०वे विजेतेपद मिळवून हा विक्रम मोडला. आपला विक्रम आपल्या हयातीत मोडला जाऊ नये, असे रायन यांना वाटत असे, असे सांगितले जाते. त्यांची ही इच्छा अवघ्या एका दिवसाने पूर्ण झाली. पण रायन यांची सर्वच्या सर्व विजेतेपदे दुहेरीतील होती. एकेरीची ट्रॉफी त्यांना कधीच का मिळाली नाही आणि तरीही त्यांचे नाव आजही विक्रमांच्या यादीत का आहे?

एलिझाबेथ रायन कोण होत्या?

रायन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९२ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. तिथेच त्या टेनिस शिकल्या. १९१२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्या बहिणीसह इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये पहिल्यांदा खेळल्या. पुढे आयुष्याचा बहुतांश काळ त्यांनी इंग्लंडमध्येच घालवला. टेनिसविश्वात त्या ‘बनी’ या टोपणनावाने ओळखल्या जात.

विम्बल्डनचे पहिले विजेतेपद त्यांना १९१४ मध्ये ब्रिटनच्या मॉर्टन यांच्या साथीने महिला दुहेरीत मिळाले. त्याच वर्षी झारच्या राजवटीतील रशियाची राष्ट्रीय स्पर्धाही त्यांनी जिंकली. त्यानंतर लगेच पहिले महायुद्ध पेटले. रशियात पुढे क्रांती झाली, झारची राजवट संपली आणि ती स्पर्धाही इतिहासजमा झाली. विम्बल्डन स्पर्धा १९१५ ते १९१८ अशी चार वर्षे झालीच नाही. म्हणजे वयाच्या २३ ते २६ या ऐन उमेदीच्या काळात रायन यांना या स्पर्धेत खेळण्याची संधीच मिळाली नाही. हे लक्षात घेतले तर १९ हा आकडा आणखी मोठा वाटतो.

लेंग्लेन यांच्याबरोबरची जोडी इतकी प्रभावी का ठरली?

युद्धानंतर १९१९ मध्ये विम्बल्डन पुन्हा सुरू झाले, तेव्हा रायन यांची जोडी जमली फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन यांच्याशी. लेंग्लेन तेव्हा अवघ्या २० वर्षांच्या होत्या आणि पुढे त्या महिला टेनिसमधील पहिल्या जागतिक तारका ठरल्या. या जोडीने १९१९ ते १९२३ अशी सलग पाच वर्षे विम्बल्डन जिंकले. १९२४ मध्ये लेंग्लेन आजारपणामुळे स्पर्धेतून बाहेर पडल्याने ही मालिका खंडित झाली. १९२५ मध्ये दोघींनी सहावे विजेतेपद पटकावले.

लेंग्लेन यांच्या फटक्यांत अचूकता होती, तर रायन यांच्या खेळात आक्रमकता. त्या काळी बहुतेक महिला खेळाडू कोर्टच्या मागच्या रेषेवरून खेळत. रायन मात्र संधी मिळताच नेटजवळ धाव घेत आणि चेंडू जमिनीवर पडण्याआधीच व्हॉली मारून गुण संपवत. त्यांचे दुसरे अस्त्र म्हणजे चॉप. रॅकेट वरून खाली कापत नेऊन मारलेल्या या फटक्याने चेंडूला उलटी फिरकी मिळते. गवताच्या कोर्टवर असा चेंडू फारसा उसळत नाही, खालीच राहून सरपटतो. तो उचलण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला वाकावे लागते आणि परतीचा चेंडू साहजिकच उंच येतो. नेटजवळ साथीदार उभी असेल, तर असा उंच चेंडू म्हणजे आयता गुण. दुहेरीत चॉप इतका घातक ठरतो तो यामुळेच.

मग एकेरीत विजेतेपद का मिळाले नाही?

रायन एकेरीत कमकुवत होत्या असे मुळीच नाही. १९२७ च्या जागतिक क्रमवारीत त्यांना तिसरे स्थान देण्यात आले होते. विम्बल्डनच्या एकेरीच्या अंतिम लढतीपर्यंत त्या दोनदा पोहोचल्या. योगायोग असा, की दोन्ही वेळा त्यांना हरवले ते त्यांच्याच दुहेरीतील साथीदाराने. १९२१ मध्ये लेंग्लेन यांनी त्यांना ६-२, ६-० असे नमवले, तर १९३० मध्ये हेलन विल्स मूडी यांनी ६-२, ६-२ असे. दोन्ही वर्षी रायन यांनी त्याच साथीदारासह महिला दुहेरी आणि शिवाय मिश्र दुहेरीही जिंकली. १९३० मध्ये त्या ३८ वर्षांच्या होत्या.

यामागे खेळातील कारणेही आहेत. एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद असते, तर दुहेरीचे ३६ फूट. म्हणजे दुहेरीत प्रत्येकीच्या वाट्याला साधारण १८ फूट रुंदी येते. एकेरीत पूर्ण कोर्ट एकटीलाच सांभाळावे लागते. चॉपचा चेंडू संथ असतो. मागच्या रेषेवर स्थिर उभ्या असलेल्या आणि अचूक फटके मारणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला त्यामुळे वेळ मिळतो. लेंग्लेन आणि विल्स या दोघी नेमक्या अशाच खेळाडू होत्या. आणि महिला टेनिसमधील दोन सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या काळात एकेरी खेळणे, हे रायन यांचे दुर्दैवच.

तरीही त्यांनी लेंग्लेन यांना झुंजवले. १९२४ च्या विम्बल्डनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत लेंग्लेन ६-२, ६-८, ६-४ अशा जिंकल्या. लेंग्लेन यांच्याकडून एखादा सेट हिसकावणे हीच त्या काळी मोठी बातमी असे.

एकेरीचे विजेतेपद सर्वात जवळ आले होते ते १९२६ च्या अमेरिकन स्पर्धेत. अंतिम सामन्यात समोर होत्या ४२ वर्षांच्या मोला मॅलरी. तिसऱ्या आणि निर्णायक सेटमध्ये रायन ४-० अशा आघाडीवर होत्या. पुढे त्यांना मॅच पॉइंटही मिळाला. पण मॅलरी यांनी तो वाचवला आणि सामना ४-६, ६-४, ९-७ असा खेचून आणला. मॅलरी यांचे हे आठवे अमेरिकन विजेतेपद ठरले. रायन यांना पुन्हा तिथली अंतिम फेरी गाठता आली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी मात्र त्यांनी जिंकली.

१९२६ मध्ये ही जोडी का फुटली?

त्या वर्षी लेंग्लेन यांनी फ्रेंच साथीदारासहच खेळावे, असा आग्रह फ्रेंच टेनिस महासंघाने धरला. त्यामुळे विम्बल्डनमध्ये त्यांची जोडी ज्युली व्लास्टो यांच्याशी लागली. रायन यांनी अमेरिकेच्या मेरी ब्राऊन यांना साथीला घेतले आणि सोडतीत या दोन जोड्या समोरासमोर आल्या.

सामन्याआधीच वाद पेटला. वेळापत्रकाच्या गोंधळात लेंग्लेन कोर्टवर उशिरा पोहोचल्या. त्यांचा खेळ पाहण्यासाठी आलेल्या राणी मेरी यांना ताटकळावे लागले. प्रेक्षकांची लाडकी खेळाडू एका दिवसात टीकेचे लक्ष्य झाली. त्यानंतर झालेल्या दुहेरीच्या सामन्यात रायन आणि ब्राऊन यांनी मॅच पॉइंट वाचवत ३-६, ९-७, ६-२ असा विजय मिळवला. लेंग्लेन यांनी स्पर्धा अर्धवट सोडली आणि त्याच वर्षी व्यावसायिक टेनिसची वाट धरली. त्या विम्बल्डनमध्ये पुन्हा खेळल्या नाहीत. रायन आणि ब्राऊन यांनी मात्र विजेतेपद पटकावले.

रायन यांचे यश लेंग्लेन यांच्या जिवावर होते का?

आकडे तसे सांगत नाहीत. महिला दुहेरीच्या १२ विजेतेपदांपैकी सहा लेंग्लेन यांच्यासह आहेत, तर उरलेली सहा त्यांच्याशिवाय. १९१४ मध्ये मॉर्टन, १९२६ मध्ये ब्राऊन, १९२७ आणि १९३० मध्ये हेलन विल्स मूडी, तर १९३३ आणि १९३४ मध्ये फ्रान्सच्या सिमोन मॅथ्यू या त्यांच्या साथीदार होत्या.

मिश्र दुहेरीतही हेच दिसते. रँडॉल्फ लायसेट यांच्यासह तीन विजेतेपदे मिळाली. त्यानंतर अमेरिकेचे फ्रँक हंटर, दक्षिण आफ्रिकेचे पॅट्रिक स्पेन्स, ऑस्ट्रेलियाचे जॅक क्रॉफर्ड आणि स्पेनचे एन्रिके मायर यांच्यासह प्रत्येकी एक. म्हणजे १९ विजेतेपदे एकूण दहा साथीदारांसह. साथीदार बदलत गेले, त्यांचे देश आणि शैली बदलल्या, कायम राहिल्या त्या रायन. समोरच्याचा खेळ ओळखून आपला खेळ त्याला पूरक करणे, हेच दुहेरीचे खरे कौशल्य मानले जाते.

विम्बल्डनखेरीज फ्रेंच स्पर्धेत महिला दुहेरीची चार आणि अमेरिकन स्पर्धेत दुहेरी व मिश्र दुहेरी मिळून तीन विजेतेपदे त्यांनी मिळवली. ग्रँडस्लॅम विजेतेपदांची एकूण संख्या २६. विम्बल्डनचे शेवटचे विजेतेपद १९३४ मधील. तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदात २० वर्षांचे अंतर होते. त्या काळच्या हौशी टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कम नसे आणि पैसे घेऊन शिकवणाऱ्यांना प्रमुख स्पर्धांत खेळता येत नसे. १९३४ नंतर रायन यांनी व्यावसायिक प्रशिक्षणाचा मार्ग स्वीकारला आणि या स्पर्धांतील त्यांची कारकीर्द संपली. १९७२ मध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

विक्रम मोडण्याच्या शर्यतीत डच खेळाडूची भूमिका काय?

बिली जीन किंग यांनी १९७५ मध्ये एकेरी जिंकून १९ विजेतेपदांची बरोबरी साधली. पण विसावे विजेतेपद मिळायला आणखी चार वर्षे गेली. या चार वर्षांत किंग यांच्या वाटेवर एक नाव वारंवार दिसते, ते नेदरलँड्सच्या बेटी स्टोव्हे यांचे. दुहेरी आणि मिश्र दुहेरीची मिळून दहा ग्रँडस्लॅम विजेतेपदे जिंकलेल्या स्टोव्हे या दुहेरीच्याच निष्णात खेळाडू. १९७२ मध्ये किंग आणि स्टोव्हे यांनी एकत्र विम्बल्डन जिंकले होते. १९७६ मध्ये हीच जोडी अंतिम फेरीत पोहोचली, पण एव्हर्ट आणि नवरातिलोवा यांच्याकडून तीन सेटमध्ये हरली. १९७८ मध्ये मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीत किंग यांच्यासमोर स्टोव्हेच होत्या. फ्रू मॅकमिलन यांच्या साथीने त्यांनी किंग आणि रे रफेल्स यांना हरवले. रायन यांचा विक्रम आणखी एक वर्ष टिकला.

१९७९ च्या अंतिम सामन्यात किंग आणि नवरातिलोवा यांच्यासमोर पुन्हा स्टोव्हे होत्या, या वेळी वेंडी टर्नबुल यांच्यासह. पहिला सेट गमावूनही किंग यांची जोडी ५-७, ६-३, ६-२ अशी जिंकली. रायन यांच्या निधनाला तेव्हा एकच दिवस झाला होता.

आज रायन यांचे कोणते विक्रम शिल्लक आहेत?

एकूण विजेतेपदांत आज किंग आणि नवरातिलोवा प्रत्येकी २० विजेतेपदांसह आघाडीवर आहेत. नवरातिलोवा यांचे विसावे विजेतेपद २००३ मधील मिश्र दुहेरीचे आहे आणि तेव्हा त्यांचा साथीदार होता भारताचा लिअँडर पेस. नवरातिलोवा त्या वेळी ४६ वर्षांच्या होत्या.

किंग यांच्या २० विजेतेपदांपैकी सहा एकेरीतील आहेत, तर नवरातिलोवा यांची नऊ. निव्वळ दुहेरी आणि मिश्र दुहेरीची बेरीज केली तर किंग १४ आणि नवरातिलोवा ११ वर थांबतात. रायन यांची मात्र १९. महिला दुहेरीतील १२ आणि मिश्र दुहेरीतील सात विजेतेपदे हे दोन्ही विम्बल्डनचे विक्रम अजून कुणी मोडलेले नाहीत. मिश्र दुहेरीत चार वेळा विम्बल्डन जिंकणाऱ्या पेसलाही सातचा आकडा दूरच राहिला.

आता आघाडीच्या अनेक एकेरीपटू दमछाक टाळण्यासाठी दुहेरी खेळतच नाहीत. रायन यांच्या काळात लेंग्लेन, विल्स अशा सर्वोत्तम खेळाडू दुहेरीतही उतरत. म्हणजे रायन यांनी ही १९ विजेतेपदे त्या काळच्या सर्वोत्तम खेळाडू मैदानात असताना मिळवली. १९७९ मध्ये मोडला गेला तो एकूण विजेतेपदांचा विक्रम. ज्या प्रकारात रायन आयुष्यभर खेळल्या आणि जिंकल्या, तिथे त्यांच्या पहिल्या विजेतेपदाला शंभरहून अधिक वर्षे उलटल्यानंतरही त्याच पहिल्या आहेत.