डेनिस पापिन

आपल्या जालना जिल्ह्यांतील जुन्या घरांत न्हाणीजवळ तांब्याचा बंब असे. मध्यें विस्तवाची नळी, भोंवतीं पाणी, आणि वर हातानें उचलतां येईल असें झांकण. पाणी कितीही खदखदलें तरी वाफ झांकणाखालून निघून जाई. म्हणून बंबापासून भाजण्याचें भय असे, फुटण्याचें नसे. आतां अनेक घरीं गीझरची बंद टाकी आली आहे. पाणी बंद भांड्यांत तापवावयाचें तर कोंडलेल्या वाफेस वाट ठेविली पाहिजे, हें ज्यानें जगास दाखविलें त्या पुरुषाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचण्यासारखें आहे.

डेनिस पापिन याचा जन्म इ. स. १६४७ मध्यें फ्रान्स देशांत ब्ल्वा शहराजवळ झाला. त्यानें वैद्यकाची पदवी घेतली. परंतु नाडी पाहण्यापेक्षां यंत्रें पाहण्याकडेच त्याचा ओढा अधिक. पॅरिस येथें हायगेन्स या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम करून तो १६७५ सालीं लंडनला गेला व रॉबर्ट बॉईल याचा साहाय्यक झाला.

१६७९ मध्यें त्यानें रॉयल सोसायटीपुढें एक जाड धातूचें भांडें मांडलें. झांकण स्क्रूनें घट्ट आवळलेलें असल्यामुळें वाफ आंतच कोंडून राही, पाण्याची उष्णता शंभर अंशांच्या बरीच वर जाई, व कठीण हाडेंही मऊ होत. आजचा प्रेशर कुकर तो हाच. परंतु अशानें भांडें फुटेल, हें तो जाणून होता. म्हणून झांकणास लहान भोंक ठेवून त्यावर त्यानें बूच बसविलें, व तें तरफेला टांगलेल्या वजनानें दाबून धरलें. दाब मर्यादेपलीकडे गेला कीं बूच आपोआप उचले, वाफ सुटे, आणि बूच पुन्हा जागीं बसे. हीच पहिली सेफ्टी व्हॉल्व्ह. १६८२ सालीं सोसायटीच्या सभासदांनीं या भांड्यांत शिजविलेल्या अन्नाचें भोजन केलें.

येथें थोडें विषयांतर करणें भाग आहे. झडप बसविली कीं काम संपलें, असें कित्येकांस वाटतें. तसें नाहीं. बंद टाकींतील पाणी शंभर अंशांपलीकडे तापलें आणि टाकी फुटली, तर त्याचा कांहीं भाग क्षणांत वाफ होतो. आणि एक माप पाण्याची वाफ सुमारें १६०० मापें जागा व्यापते. यास्तव चांगल्या टाकीची झडप त्यापूर्वींच उघडेल अशी करतात. पण सुटलेलें कढत पाणी कोणाच्या अंगावर येतां कामा नये. म्हणून झडपेपासूनची नळी धातूची असावी. तिला सतत उतार असावा. तिच्यावर तोटी कधींही बसवूं नये. आणि तिचें तोंड मोरीलगत, खालीं, दिसेल अशा जागीं असावें. पाणी ठिबकतें म्हणून त्या तोंडास बूच मारणारे गृहस्थ प्रस्तुत लेखकानें पाहिले आहेत. पापिन त्यांस ठाऊक नसावा!

पापिनला स्वतःला मात्र स्थैर्य लाभलें नाहीं. तो प्रॉटेस्टंट होता; १६८५ सालीं फ्रान्सच्या राजानें त्या पंथाचें स्वातंत्र्य काढून घेतल्यावर स्वदेशाचीं दारें त्यास बंद झालीं. जर्मनींत मारबुर्ग येथें तो गणिताचा अध्यापक झाला. नळकांड्यांतील वाफ निवून पाणी झाली कीं बाहेरची हवा दट्ट्या आंत ढकलते, हें त्यानें १६९० मध्यें दाखविलें. पुढील वाफेच्या यंत्राचें बीज यांतच होतें. १७०७ सालीं चाकांच्या नावेंतून तो फुल्दा नदीनें इंग्लंडकडे निघाला. ही नाव वाफेची होती असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. परंतु तीं चाकें हातानें फिरवावीं लागत. म्यूंडेन येथील नावाड्यांनीं आपला हक्क बुडतो म्हणून ती मोडून टाकली.

लंडनला तो पोहोंचला तेव्हां बॉईल हयात नव्हता. नवीं यंत्रें करण्यासाठीं पापिननें सोसायटीकडे द्रव्य मागितलें. तें मिळालें नाहीं. १७१२ च्या जानेवारींतील त्याच्या एका पत्रानंतर त्याचा मागमूस लागत नसे. अलीकडे लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या दफनवहींत ऑगस्ट १७१३ च्या नोंदींमध्यें त्याचें नांव सांपडलें.