देशाचं ऊन मोजणाऱ्या ॲना मणी, ज्यांना पीएचडी मात्र कधीच मिळाली नाही

बीडचं ऊन काय असतं, ते बीडकरांना सांगायला नको. त्याच उन्हावर आता शेतात सोलर पंप चालतात. पण एका चौरस मीटरवर ऊर्जा किती पडते हेच माहीत नसेल, तर पंपाला पॅनल किती लावायचे हे ठरवणार कसं?

भारतात हे मोजमाप उभं केलं ॲना मणी यांनी. तेही पुण्यात बसून.

२३ ऑगस्ट १९१८ ला केरळातल्या पीरमेड इथं त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या, त्यांनी ज्ञानकोश मागितला. पुढे बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी हिऱ्यांवरच संशोधन केलं, पाच शोधनिबंध लिहिले. पण एमएस्सी केलेली नाही, हे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली.

१९४५ ला त्या लंडनला गेल्या. शिकायचं होतं भौतिकशास्त्र, संधी मिळाली हवामानाच्या उपकरणांची. १९४८ ला त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंही परदेशातून यायची. मणींनी जवळपास १०० उपकरणांचे आराखडे पक्के करून घेतले. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, हा त्यांचा खाक्या.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौर विकिरण मोजणारी केंद्रं उभारली. यातलं मुख्य यंत्र पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग असतो. तो उन्हाने तापला की सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, त्यावरून ऊन कळतं. असंच दुसरं यंत्र जमिनीकडे तोंड करून लावलं, तर परत गेलेलं ऊनही मोजता येतं. ध्रुवावरचा ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो. मराठवाड्यातली काळी माती बहुतेक पिऊन टाकते. बर्फ वितळला की पृथ्वी जास्त का तापते, याचं उत्तर याच फरकात आहे.

१९७६ ला निवृत्त झाल्यावरही मणी थांबल्या नाहीत. १९८० आणि १९८२ मध्ये भारतातल्या सौर विकिरणाची आकडेवारी देणारे त्यांचे ग्रंथ आले. वाऱ्याची मोजणीही त्यांनी हाती घेतली. बालाघाटच्या डोंगरांवर आज पवनचक्क्या दिसतात. अशा कामाचा पाया म्हणजे हीच मोजणी.

१६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं निधन झालं. नावापुढे डॉक्टर कधी लागलं नाही, पण देशाच्या उन्हाचा हिशोब त्यांनीच मांडला.